मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला

निवडणुकीच्या जाहिरातीतला फोटो चर्चच्या स्वयंपाकघरातला होता. काही वर्षांपूर्वीच्या शरदातल्या जेवणाचा. आर्डिस क्वाम तव्यावर लेफ्सा उलटत होती, तिचा भाऊ ऑर्लिन काहीतरी बोलला आणि ती तोंडभर हसली. जाहिरात करणाऱ्यांनी तवा कापला, बटाट्याची ती पातळ पोळी कापली, आजूबाजूची माणसं कापली. हसू तेवढं ठेवलं. शेजारी केरी डालचा शाळेतला फोटो लावला. खाली लाल अक्षरं: 'हिनं केरीच्या खुन्याला मोकळं केलं. हिला घरी पाठवा.'

आर्डिसनं ती जाहिरात पहिल्यांदा ऑर्लिनच्या घरी पाहिली. ऑर्लिननं डोक्यावरची टोपी काढून टीव्हीवर फेकली.

"मोकळं? तो तर आपल्या काउंटीच्या तुरुंगात बसून फुकटचं मटण खातोय! बोल की तू काहीतरी."

"मला बोलता येत नाही."

"का? जीभ सरकारजमा केलीस?"

"खटला परत उभा राहणार आहे. मी एक शब्द बोलले, की त्याचा वकील म्हणेल, न्यायमूर्तींनी ज्युरीचं मन आधीच वळवलं. खटला राज्याच्या दुसऱ्या टोकाला जाईल, नाहीतर अपिलात पुन्हा आमच्या न्यायालयात येईल."

"म्हणजे ते चिखल फेकणार आणि तू उभी राहणार?"

"हो."

"बापावर गेलीस," ऑर्लिन म्हणाला. हे कौतुक नव्हतं.

त्यांचे वडील गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचे. लहानगी आर्डिस त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायची. हातोडा पडला की ज्याची बोली हुकली तो शिव्या घालायचा. वडील ऐकून घ्यायचे आणि पुढचं वासरू आत बोलवायचे. एकाला उत्तर दिलं तर बाकीच्यांना वाटतं भाव अजून चालू आहे, असं ते म्हणत. तिला ते पटलं होतं. कदाचित जरा जास्तच.

ती राजधानीत जाऊन कायदा शिकली आणि गावी परत आली. काउंटीची पहिली बाई सरकारी वकील झाली. तेव्हा तिनं स्वतः माणसं तुरुंगात धाडली, आणि त्यातल्या काहींच्या आया तिला दुकानात भेटायच्या. मग जिल्हा न्यायाधीश. मग राज्यपालांनी तिला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. तरी शनिवारी ती गावातच असायची, मळकी जीन्स घालून, टोमॅटोला काठ्या बांधत.

त्या राज्यात न्यायमूर्तीला दर काही वर्षांनी लोकांपुढे जावं लागतं. समोर प्रतिस्पर्धी नसतो. मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला फक्त नाव आणि प्रश्न: यांना राहू द्यावं का? हो, नाही. बरेचजण कागद उलटतही नाहीत. कुणी न्यायमूर्ती असा हरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. म्हणून प्रचार नाही, पाट्या नाहीत, भाषणं नाहीत. न्यायमूर्तीनं मतं मागणं तिथं जरा हलकंच समजतात.

केरीच्या खुनात दोषी ठरलेल्या माणसानं अपील केलं, आणि त्याचा निकाल तिच्याकडे आला तो नशिबानं. शब्दशः. त्या न्यायालयात एक चामडी डबा आहे, आत आकडे घातलेल्या लाकडी गोट्या. सुनावणीच्या आधी डबा हलवतात. ज्याची गोटी पडेल त्यानं निकाल लिहायचा. गोटी आर्डिसची पडली.

प्रकरणात अवघड काही नव्हतं. पकडलेल्या माणसानं वकील मागितला होता. पुन्हा पुन्हा मागितला होता. शेरीफनं, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखानं, खुर्ची आणखी जवळ ओढली आणि पहाटे तो कबूल होईपर्यंत विचारत राहिला. तो कबुलीजबाब कायद्यानं टिकणारा नव्हता. सातही न्यायमूर्तींचं एकमत झालं: कबुलीजबाब बाद, खटला नव्यानं. माणूस तुरुंगातच.

सही करण्याआधी मुख्य न्यायमूर्ती हॅडली स्ट्रँड तिच्या खोलीत आले. दार लावलं.

"आर्डिस, यंदा तुझं नाव मतपत्रिकेवर आहे. हा निकाल 'न्यायालयाचा' म्हणून देऊ. कुणाचंच नाव नको."

"ज्यानं लिहिलं त्याचं नाव दिसलं पाहिजे, हॅडली. बिननावाचा निकाल म्हणजे गर्दीतून फेकलेला दगड."

"हट्टी आहेस."

"गोटी माझी पडली."

नाव तिचंच छापलं गेलं. आणि ते कुणाला तरी हवंच होतं. जाहिरातींसाठी दुसऱ्या राज्यांतून पैसा आला. तो कुणाचा, हे गावात कुणी विचारलं नाही.

शरदातलं जेवण आलं. ऑर्लिन म्हणाला, यंदा जाऊ नकोस. ती गेली. दरवर्षीसारखी कॉफीची किटली घेऊन उभी राहिली. जिल्हा न्यायाधीश असताना ज्या माणसांची लग्नं तिनं लावली होती ती तिच्यासमोरून रिकामे कप घेऊन पुढे गेली. कुणी म्हणालं, "आज कॉफी नको, पोटात जळजळतं." रांगेत हसू फुटलं.

मग लिनेट डाल आली. केरीची आई. कप पुढे केला.

"मला एवढंच सांग," लिनेट म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तो कुठं आहे ते मला ठाऊक आहे. पण मला परत कोर्टाच्या त्या खोलीत बसून सगळं ऐकावं लागणार. तिच्या कोटाचं, तिच्या केसांचं. का?"

आर्डिसला उत्तर पाठ होतं. दोन वाक्यांचं. ती कॉफी ओतत राहिली. कप भरला, वाहिला, बशीत उतरला, लिनेटच्या बोटांवर आला. लिनेटनं हात हलवला नाही.

"बोल ना!"

"मला माफ कर, लिनेट."

"तुझी माफी कुणाला हवीय?" लिनेटनं भरलेला कप टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

त्या वर्षी लोकांनी कागद उलटला. 'नाही' जिंकलं. आर्डिसच्या स्वतःच्या काउंटीत सगळ्यात मोठ्या फरकानं.

निरोपाच्या दिवशी हॅडलींनी भाषण केलं. तिच्या मौनाच्या प्रतिष्ठेबद्दल. टाळ्या झाल्या, केक कापला. बाकीच्या पाचजणांनी तिच्याशी थंडीबद्दल बोलून घेतलं. खोलीत दोघंच उरल्यावर तिनं हातातली बशी ठेवली.

"मला खटल्यावर बोलता येत नव्हतं. तुलाही नव्हतं. पण गोटी कशी पडते, सह्या सातजणांच्या असतात, हे तर सांगता आलं असतं. त्याला कुठला नियम आडवा येत होता?"

"कुठलाच नाही," हॅडली म्हणाले.

"मग?"

"दोन वर्षांनी मतपत्रिकेवर माझं नाव आहे. लोकांना माझी सही आठवली असती."

एवढ्या वर्षांत त्यांनी दिलेलं सगळ्यात सरळ उत्तर होतं ते. तिला वाटलं, ती बशी उचलून फेकावी. तिनं कोट चढवला आणि घरी गेली. वाटेत गाडीत एकटी असताना ओरडली. घसा बसेपर्यंत.

खटला वसंतात उभा राहिला, तिच्याच जुन्या न्यायकक्षात. ती मागच्या बाकावर बसली. कबुलीजबाबाविना सगळं मांडलं गेलं. त्याच्या ट्रकमधला केरीचा कोट. त्यावरचे केस. लिनेटनं सगळं ऐकलं. ज्युरीनं दोषी ठरवलं.

बाहेरच्या व्हरांड्यात लिनेट तिच्यासमोर येऊन थांबली.

"आता बोल. आता तर तू कुणीच नाहीस."

"त्यानं वकील मागितला होता. शेरीफनं दिला नाही," आर्डिस म्हणाली. "ते चालवून घेतलं असतं तर उद्या कुणाच्याही पोराला तसंच बसवलं असतं. आणि त्या दिवशी चर्चमध्ये मी हे बोलले असते, तर आजचा निकाल इथं लागला नसता. तुला तिसऱ्यांदा ऐकावं लागलं असतं."

लिनेटनं भिंतीला पाठ टेकली.

"केरीचा फोटो मी दिला त्यांना," ती म्हणाली. "आणि तुझाही. तव्याजवळचा. मीच काढला होता तो."

आर्डिस तिच्याकडे वळली.

"त्यात केरी होती, आर्डिस. तुझ्या शेजारी, पीठ लाटत. नाकाला पीठ लागलं होतं, ऑर्लिननं त्यावरून चिडवलं, त्यालाच तर तू हसत होतीस. टीव्हीवर बघितलं तर तिलाही कापलेलं." तिचा आवाज फाटला. "तरी मी 'नाही'च दिलं."

"ठाऊक आहे."

"राग नाही आला?"

"आला. अजून आहे."

"माझा?"

"तुझाही."

लिनेटनं मान हलवली. "मलाही येतो. तुझा."

दोघी जिन्यावरून खाली उतरल्या. कठड्याला धरून, एकमेकींचा हात न धरता. दारापाशी कॅमेरेवाले लिनेटसाठी थांबले होते. त्यांच्यातल्या एकानं आर्डिसला ओळखलं आणि विचारलं, "बाई, आता तरी काही बोलाल?"

"जाहिरातीतल्या त्या फोटोत आणखी एक मुलगी होती," आर्डिस म्हणाली. "तिथून सुरू करा."