एक मागणी, एक तयारी

इस्माईल मास्तर गेले हे मला रेवदंड्याच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं, तेव्हा माझा विश्वास बसला नाही. कंडक्टर थापाड्या, हे एक. आणि दुसरं म्हणजे मला कुणी काही सांगितलं की मी आधी सांगणाऱ्याचं तोंड बघतो, मग बातमी ऐकतो. गाडीत मुरुडचे दोन उतारू होते, त्यांना वेगवेगळं विचारलं. दोघांनीही तेच सांगितलं. आदल्या दुपारी नमाज पढून आले, चटईवर आडवे झाले, ते उठलेच नाहीत. तरी मुरुडला उतरून त्यांच्या दारातल्या चपलांचा ढीग दिसेपर्यंत मी मानायला तयार नव्हतो... या गोष्टीला दीड महिना झाला. माझा हा स्वभाव मास्तरांना किती महागात पडला होता ते मला त्यांच्यामागे कळलं, म्हणून हे लिहितो आहे.

मास्तर तसे शाळेतले मास्तर नव्हतेच. नवाबाच्या कचेरीत ते इंग्रजी पत्रव्यवहार बघत. संस्थान विलीन झालं, कचेरी गेली, आणि हा माणूस आपलं इंग्रजी घेऊन घरी बसला. मग सकाळी आम्ही इंग्रजीत गचकणारी मुलं त्यांच्या ओट्यावर जमू लागलो आणि दुपारी अर्ज लिहून घेणारी माणसं. कोळीवाड्यातली, माडांच्या वाड्या राखणारी, आतल्या भातशेतीच्या गावांतून चालत आलेली. व्याकरणाचं पुस्तक त्यांनी आम्हाला कधी उघडू दिलं नाही. जे काही शिकवलं ते या अर्जांवरच. "इंग्रजी अर्ज म्हणजे एक नाम आणि त्याच्या पाठीला 'टु' लावून बांधलेलं काम," ते सांगत. "परमिशन. कशाची? टु रिपेअर द वेल. डिझायर. कसली? टु सर्व्ह. अशी दोन घ्यायची आणि मध्ये 'अँड' घालायचा. 'ऑर' घातलास तर साहेब त्याच्या सोयीचं तेवढं उचलतो. 'बट' घातलास तर त्याला वाटतं, हा भांडायला आलाय."

त्या दोनांतलं पहिलं आपल्या मागणीचं आणि दुसरं आपल्या तयारीचं, ही त्यांची पद्धत. होडी ओढून ठेवायला किनाऱ्यावर जागा मागणारा कोळी आला, तर त्याच्या अर्जात जागा वापरायची परवानगी आणि सरकारी लाँच आली तर ती मोकळी करायची तयारी. विहीर दुरुस्त करायची परवानगी आणि शेजाऱ्यांना पाणी भरू द्यायची तयारी. अर्ज पुरा झाला की ते मराठीतून मोठ्यानं वाचून दाखवत, आणि दर वेळी कुणीतरी म्हणेच, "मास्तर, ह्ये मी न्हाय बोललो."

"तू नाही बोललास. साहेब बोलणार आहे. त्याच्या आधी आपण बोलून मोकळं व्हायचं."

बहुतेकांचं काम होई. माझ्या आईला मात्र हा प्रकार पटत नसे. "आपल्या तोंडात आपलं न्हाय त्यं घालतो, त्याचा काय भरवसा हाय?" ती म्हणे. तिचंही चुकत नव्हतं. वडील गेल्यावर दोन्ही काकांनी आमच्या वाडीतला एकेक माड आपला म्हणून दाखवायला सुरुवात केली होती, आणि तेही गोड बोलूनच. आई दिवसातून दोनदा कुंपणाला फेरी मारी. संशय आमच्या घरात असा मिठासारखा रोज लागायचा.

मॅट्रिक झालो त्या वर्षी मुरुडच्याच एका कचेरीत कारकुनाची जागा निघाली. खात्याचं नाव लिहीत नाही. ती जागा मला हवीच होती. आई वाडी सोडून कुठं येणार नाही, आणि मी मुरुड सोडलं तर वाडी राहणार नाही, इतकं ते सरळ होतं. मास्तरांनी अर्जाचा मसुदा केला. त्यात मुरुडला सेवा करण्याची इच्छा होती, मग 'अँड', आणि मग जिल्ह्यात कुठंही जाण्याची तयारी. मी म्हटलं, "मला कुठं जायचं नाही." ते म्हणाले, "माहीत आहे. राहू दे तसंच. स्वच्छ उतरवून दे."

त्याच आठवड्यात त्यांचा भाचा युसुफ, माझ्याच बरोबरीचा, माझ्याबरोबरच मॅट्रिक झालेला, त्याच ओट्यावर काहीतरी उतरवत बसला होता. मी डोकावलो तर त्यानं कागदावर हात ठेवला. झालं. माझ्या डोक्यात सगळं चित्र तयार झालं. भाच्याला मुरुड, मला महाड नाहीतर माणगाव. म्हणून तर माझ्या अर्जात ही जाण्याची तयारी घातली आहे. घरी येऊन मी अर्ज माझ्या हातानं उतरवला, इच्छेपाशी पूर्णविराम दिला, तयारी गाळून टाकली आणि कचेरीत नेऊन दिला. मास्तरांनी विचारलं, "जसंच्या तसं उतरवलंस ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलताना मला जराही जड गेलं नाही, उलट आपण किती सावध आहोत याचा आनंदच झाला.

मला उत्तर आलं नाही. युसुफला नोकरीचा हुकूम आला. पंधरा दिवसांनी बाजारपेठेत मास्तर समोरून आले, थांबले, म्हणाले, "तुला काही कळलं?" मी म्हटलं, "तुमच्या भाच्याला कळलं ना? पुष्कळ झालं." ते हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेऊन निघून गेले.

युसुफ रुजू झाला तो माणगावला, आणि मुरुडच्या जागेवर अलिबागकडचा कुणीतरी आला. एवढं डोळ्यांसमोर घडूनही माझा संशय हलला नाही. आधी बाहेर नेमणूक, मग मामू हळूच इकडे ओढतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मला पुढं रेवदंड्याच्या मच्छीमार सोसायटीत काम मिळालं. मी तिकडे राहायला गेलो, आणि मागं काकांनी करायचं तेच केलं. अर्धी वाडी गेली. त्या अर्ध्या वाडीचा राग मी मास्तरांवर काढला. त्यांच्याकडे अर्जासाठी येणारी माणसं हळूहळू कमी झाली, तेव्हा लोक शहाणे झाले असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं. मुरुडला आलो की त्यांच्या ओट्यासमोरून जाताना मान वळवायचो. ते मात्र हाक मारायचे, "आई कशी आहे?" यातही मला काहीतरी दिसायचं.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी युसुफ आणि मी त्या ओट्यावर बसलो होतो. तो अजून माणगावलाच आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. तो सहज बोलावं तसं बोलला. "मला मुरुडला अर्जच करू दिला नव्हता मामूंनी. म्हणाले, इथली जागा त्याला हवी, त्याची आई एकटी हाय, तू माणगावचा अर्ज कर. तुझ्यापायी मी मुरुड सोडलं हे तू बघशील न् तुला वाईट वाटंल म्हणून मी कागद झाकला." तो पुढं म्हणाला, "साहेबाला त्यांनी चिठ्ठी पण दिलेली. पोरगा कुठंही जायला तयार हाय, अर्जात तसं लिवलंय त्यानं, पण घरची अडचण बघून त्याला इथंच ठेवा. साहेबानं तुझा अर्ज काढला, तर त्यात तसं कायच न्हाय. बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं मामूंना, तुम्ही खोटी शिफारस करता, यापुढं तुमचे अर्ज या कचेरीत नकोत."

म्हणजे माणसं शहाणी झाली नव्हती. त्या कचेरीतून मास्तरांचे अर्ज परत यायला लागले होते, आणि तिथलं बघून दुसऱ्या कचेऱ्यांतूनही... मी विचारलं, "मला का नाही सांगितलं त्यांनी?" युसुफ हसला. "सांगितलं असतं तर तुला पटलं असतं?" नसतं पटलं. मला लाज वाटली, अजून वाटते आहे, आणि ती ज्याला सांगायची तो माणूस आता नाही.

गेल्या आठवड्यात चाळिसावा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं, हलीमाचाचींनी, मला बोलावून घेतलं. ते घर नवाबाच्या कचेरीकडून राहायला मिळालेलं, अजून सरकारच्या नावावर आहे. मास्तरांमागे तिथं राहायचं तर अर्ज करायला हवा. मी मास्तरांच्या खोलीत, खिडकीखालच्या त्यांच्या बैठ्या मेजाशी बसलो. दौतीतली शाई सुकलेली होती, ती पाणी घालून चालती केली. राहण्याची परवानगी लिहिली, 'अँड' लिहिला, आणि सरकारला लागली तर पुढची खोली सोडण्याची तयारी लिहिली. मग मराठीतून मोठ्यानं वाचून दाखवलं. चाची दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. दुसऱ्या भागाला त्यांनी मान डोलावली.

"वाचलंस ते समदं कागदावर हाय ना?" त्यांनी विचारलं.

"आहे, चाची."

त्यांनी कागद घेतला, उजेडाकडे धरून पाहिला. इंग्रजी त्यांना येत नाही. मग नीट घडी घालून तो पदराआड ठेवला.

"युसुफ शुक्रवारी येतो," त्या म्हणाल्या. "त्याला वाचू दे एकदा. मंग सही करते."

मी म्हटलं, "वाचू दे."