वाजंत्री मुलीकडची

आमच्या दाजींइतका मोठा संगीतकार श्रीगोंदा तालुक्यात झाला नाही, आणि दाजींच्या संगीतावर भाचीच्या लग्नापर्यंत एकही माणूस नाचला नाही, ही दोन्ही विधानं मी पूर्ण जबाबदारीनं करतो. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी आहे, विधान करायचं तर जबाबदारीनंच, हा माझा शिरस्ता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. काष्टीच्या अलीकडं मळ्यात राहतात. थोडा ऊस, थोडा कांदा, दोन म्हशी आणि एक रेकॉर्ड कंपनी असा त्यांचा पसारा आहे. कंपनीत मालक, वादक, इंजिनिअर आणि झाडूवाला सगळे दाजीच. कोणी विचारलं की मी ऐटीत सांगतो, "आमचे दाजी इलेक्ट्रॉनिक म्युझिक प्रोड्यूसर आहेत." समोरचा लगेच म्हणतो, "मग आमचा टीव्ही बघत्याल का जरा? निस्ता आवाज येतोय, चित्र न्हाई." दाजींना याचा राग येत नाही. ते खरंच टीव्ही बघायला जातात आणि चित्र दुरुस्त न करता तो आवाज रेकॉर्ड करून घेऊन येतात.

तरुणपणी ते लग्नाच्या बँडमध्ये कॅसिओ वाजवायचे. तिथून त्यांना काढून टाकलं, कारण नवरदेव मांडवाच्या दारात आला की ते वाजवायचं सोडून घोड्याच्या टापा ऐकत बसायचे. मग नगरहून जुना कॉम्प्युटर आणला, माईक आणला आणि कांद्याच्या चाळीत स्टुडिओ थाटला. कांद्याची चाळ म्हणजे चारी बाजूंनी फटी, वारा खेळता राहावा म्हणून बांधलेली. दाजींनी त्या फटींना पोल्ट्रीवाल्याकडचे अंड्यांचे ट्रे आणि ताईच्या आहेरातल्या गोधड्या ठोकल्या. पण चाळ शेवटी कांद्याचीच. भाव पडला की ताई कांदा साठवायची आणि स्टुडिओ बाहेर जनावरांच्या गव्हाणीशेजारी यायचा. भाव वाढला की कांदा विकला जायचा आणि दाजी आत शिरून अल्बम करायचे. त्यामुळे दाजींचा नवा अल्बम कधी येणार हे काष्टीच्या बाजारात चौकशी केली की कळायचं. त्यांच्या सुरुवातीच्या सगळ्या गाण्यांत मधूनच कोणीतरी फुर्रकन नाक शिंकरतं, ती धाकटी म्हैस.

आवाजाच्या बाबतीत दाजींना लाज म्हणून नाही. सांत्वनाला गेले तरी त्यांचं लक्ष त्या घरातल्या पंख्याच्या कुरकुरीकडं. एकदा गावातल्या भजनी मंडळानं मोठ्या विश्वासानं त्यांच्याकडं रेकॉर्डिंग केलं. महिन्याभरानं दाजींनी सगळ्यांना बोलावून ते ऐकवलं, तर त्यात भजनच नव्हतं. दोन अभंगांच्या मधलं खाकरणं, टाळ खाली ठेवल्याचा आवाज, चहाची बशी आणि बुवांचा खोकला, एवढंच ताल धरून चालू होतं. बुवा लालबुंद झाले.

"आरं, माझा आवाज कुठंय ह्यात?"

"बुवा, गाताना तुमी दुसऱ्याचं गाता," दाजी शांतपणे म्हणाले. "खोकता तवा सोताचं खोकता. लई सुरात हाय खोकला."

बुवा नंतर वर्षभर दाजींच्या बांधावरून गेले नाहीत. पण खोकला आला की तोंडावर उपरणं धरायला लागले, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पोटासाठी मात्र दाजी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची गाणी करायचे. चाल एकच, भाऊ, दादा, अण्णा, आबा, ज्याचा वाढदिवस त्याचं नाव आत. एकदा भाऊंची आणि अण्णांची मिरवणूक एकाच दिवशी चौकात समोरासमोर आली आणि दोन्ही टेम्पोंवर तेच गाणं. दोन्हीकडचे कार्यकर्ते इतके बेभान नाचले, की मिरवणुका पांगल्या तेव्हा भाऊंची पोरं अण्णांच्या टेम्पोमागं निघाली होती. मी दाजींना म्हटलं, "बघा, लोक नाचतात की तुमच्या गाण्यावर." दाजींचा चेहरा उतरला. "पाव्हणं, ते धंद्याचं. त्यावर मानूस नावाला नाचतोय. आपल्या खऱ्या म्युझिकवर, आपल्या गावात, एक जरी गडी नाचला ना, तरी मी कॉम्प्युटर झाकून ठेवीन." परदेशातल्या कोण्या माणसानं त्यांचं गाणं ऐकून कौतुकाचे दोन शब्द पाठवले होते. ते मी भाषांतर करून सगळ्या घराला वाचून दाखवले. दाजी एवढंच म्हणाले, "त्यो नाचला का, ते विचारा."

अशात भाचीचं लग्न ठरलं. नवरा मुलगा नगरला एमआयडीसीत कामाला, शांत, चष्मेवाला. बैठकीत जेवणावळ, कपडे, मानपान कशालाच दाजींनी हरकत घेतली नाही. पाहुण्यांनाच शंका यायला लागली. शेवटी दाजी म्हणाले, "एक अट हाय. वाजंत्री मुलीकडची. परण्याला आमीच वाजवनार." परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला नेतात ती मिरवणूक, पोरं काय नाचायची ती तिथंच नाचतात. पाहुणे आनंदानं हो म्हणाले. आमच्या भाचीनं मात्र आत डोक्याला हात लावला. "मामा, तुम्ही सांगा ना पप्पांना. माझ्या लग्नात तरी सरळ गाणी लावा म्हणावं. लोक हसतील." मी सांगितलं. दाजी म्हणाले, "हसू द्या. नाचत्याल."

नेमका कांद्याला भाव होता आणि चाळ रिकामी होती. दाजी आत शिरले ते लग्नाच्या सकाळीच बाहेर आले.

त्या दिवशी सकाळपासून मोटरीची लाईट गेलेली. ऊस तहानलेला, सगळी भावकी फेटे बांधून मिरवणुकीत, पण प्रत्येकाचं निम्मं मन विहिरीवर. जानवशापासून परण्या निघाला. टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर, खाली जनरेटर, वर दाजी. नवरदेवाच्या मित्रांनी कमरेला रुमाल आवळले. दाजींनी सुरुवात केली.

आधी काहीच नाही. मग खटक, स्टार्टर पडल्याचा आवाज. मग मोटरीची घुमणारी हूं, पाइपातली हवा गुरगुरली आणि धबाधबा पाणी पडायला लागलं. दाजींनी तो आवाज इतका खरा पकडला होता, की दाजींच्या चुलत्यांनी फेट्यासकट मान वर केली.

"लाईट आली रं," ते म्हणाले आणि मोटरसायकलला किक मारली.

पाच मिनिटांत दाजींची सगळी भावकी आपापल्या विहिरीकडं. पुढं कुकरच्या शिट्ट्या, सायकलची घंटी, शिलाई मशीन, अंगणात ठिक्कर खेळताना पडलेली पावलं असं काय काय यायला लागलं. नवरदेवाच्या मित्रांनी एकमेकांकडं पाहिलं, रुमाल सोडले आणि पाराच्या कट्ट्यावर जाऊन बसले. एक जण ओरडला, "काका, भाऊंचं गाणं लावा की." घोडेवाल्यानं तंबाखू मळायला घेतली. रस्त्यावर उरलं कोण, तर घोडा, घोड्यावर नवरदेव आणि टेम्पोवर आमचे दाजी. दाजींनी बटणांवरून नजर वर केलीच नाही. पंचवीस वर्षं मी त्यांना पाहतोय, पण त्यांचे कान लाल झालेले त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

तेवढ्यात नवरदेव घोड्यावरून उतरायला लागला. घोडेवाला म्हणाला, "आवो, खाली उतरायचं नसतंय." तो उतरलाच. टेम्पोजवळ आला, चष्मा खिशात ठेवला आणि दाजींना म्हणाला, "मामा, आवाज वाढवा जरा."

आणि तो नाचायला लागला. बाभळीचा काटा मोडलेला माणूस दुसरा काटा चुकवत चालेल, तसा. ताल एकीकडं, हा दुसरीकडं, मुंडावळ्या तोंडात येतायत, त्या फुंकरीनं बाजूला सारतोय. शिलाई मशीन सुरू झालं की खांदे उडवी, शिट्टी झाली की हात वर करी. पाच-दहा मिनिटांनी धुळीचे पाय घेऊन दाजींचे चुलते परत आले.

"लाईट कुठंय? मोटर बंदच हाय की."

"आवाज खरा वाटला का?" दाजींनी वरून विचारलं.

चुलत्यांच्या तोंडात शिवी आली होती, पण समोर एकटा जावई नाचताना दिसला. त्यांनी ती गिळली, मित्रांना कट्ट्यावरून हुसकलं आणि स्वतःही दोन्ही हात वर करून गोल फिरायला लागले. बघता बघता सगळा परण्या कुकरच्या शिट्टीवर नाचत होता.

मांडवातून भटजींचा आवाज यायला लागला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मुलीचा मामा मी. पण नवरदेवच रस्त्यावर, तर मुलीला नेऊन उभी कोणासमोर करणार? मी टेम्पोवर चढलो. म्हटलं, "दाजी, मुहूर्त टळतोय. गाणं किती मोठं आहे?"

"होतच आलंय, पाव्हणं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. गाणं मघाशीच संपत आलं होतं. शेवटाजवळ गेलं की दाजींचं बोट हळूच ते मागं नेत होतं. परत सायकल, परत ठिक्कर. खाली लोक दमून घामाघूम झाले होते, कोणाच्या लक्षात येत नव्हतं. थोड्या वेळानं ताईच मांडवातून आली, पदर खोचलेला, टेम्पोखाली उभी राहिली आणि हळू म्हणाली, "आवो, संपू द्या आता. पोर नेसून बसलीय."

दाजींनी बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला. ठिक्कर थांबलं, सायकलची घंटी लांब गेली. शेवटी नुसतं दार वाजलं आणि शाळेला निघालेल्या लहान पोरीचा आवाज सगळ्या गल्लीवर पसरला, "पप्पा, येते मी."

मग मी खाली उतरून भाचीला आणायला गेलो.