शेजारच्या सीटवरची झोप

जपानमधल्या त्सुमागोईच्या उतारावर सप्टेंबरात धुकं उतरलं की कोबीचे मळे हळूहळू दिसेनासे होतात. आधी समोरचा डोंगर जातो, मग रस्ता, मग अगदी पायाशी असलेला कोबीसुद्धा. अशा धुक्यातून कुनिओ हाजामाने आयुष्यभर शाळेची बस चालवली. चार शब्दांच्या जागी एक बोलणारा माणूस, तोही नाइलाज झाला तर. पण गाडी अशी अलगद न्यायचा की तिसऱ्या वळणाला निम्मी पोरं पेंगायला लागायची. आया म्हणायच्या, "आमचं कार्टं घरी डोळा मिटत नाही, आणि हाजामासानच्या बसमध्ये घोरतं बघा!"

आणि याच माणसाच्या स्वतःच्या गाडीत त्याची बायको पाय ठेवायला तयार नव्हती. आता बोला!

गाडी दोन सीटची, हिरवी, कापडी टपाची. स्पोर्ट्स कार. लग्न ठरलं तेव्हापासूनची. त्या दिवसांत रविवारी तो चिसाकोला घेऊन तोरीई खिंडीकडे निघायचा. तिने पहाटे उठून भाताचे गोळे वळलेले असायचे, लोणच्याचा डबा मांडीवर घेऊन ती "आज मी सगळा रस्ता बघणार आहे हं" असं बजावायची आणि तिसऱ्या वळणाला मान टाकायची. तोंड किंचित उघडं, हात डब्यावर. कुनिओला ते फार आवडायचं. बाजूला कोणी इतकं निर्धास्त झोपतं म्हणजे आपण काहीतरी बरं करतो आहोत, असं त्याला वाटायचं. तिला मात्र त्याने हे कधी सांगितलं नाही.

मग चाळिशीत खूळ शिरलं. तोकुदा नावाचा त्याचा शाळेपासूनचा दोस्त, गावाच्या टोकाला त्याचं गॅरेज. तिथे डोंगरात गाड्या पळवणारी मंडळी जमायची, आणि सगळ्यांच्या गाड्या कशा जमिनीला टेकलेल्या, दबा धरून बसलेल्या मांजरासारख्या! कुनिओनेही गाडी तशी बुटकी करायला आखूड स्प्रिंगा आणल्या आणि घरीच बसवल्या. शॉकअप होते तेच राहू दिले. म्हणाला, ते नंतर बघू.

गाडी दिसायला लागली झकास. पण आखूड स्प्रिंग कडक असते, दाबली की ताडकन उसळते, आणि त्या उसळीला आवरायचं काम शॉकअपचं. जुने, थकलेले, उंच गाडीसाठी बनवलेले ते बिचारे काय आवरणार? पुलापाशी दर हिवाळ्यात रस्ता गोठून फुगतो आणि तसाच राहतो, तिथे गाडी आपटली आणि मग नाचतच राहिली. चिसाकोची जीभ दातांखाली आली. भाताचा गोळा पायाशी पडला.

"अहो, ही गाडी आहे की घोडा?"

"स्पोर्ट्स कार अशीच असते," कुनिओ म्हणाला.

"मग तुम्हीच बसा तिच्यात."

विषय संपला. भांडण नाही, रुसवा नाही. फक्त रविवारी ती "माझी कामं आहेत" म्हणायची, आणि तो एकटा जायचा. शेजारच्या सीटवर डबा असायचा. असली हट्टी जोडपी आमच्या गावात घरटी एक सापडतील.

गेल्या हिवाळ्यात चिसाकोचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. ती बरी होऊन घरी आली, पण झोप काही घरी आली नाही. औषधं झाली, गरम पाण्याची आंघोळ झाली, उशी बदलून झाली. दिवसभर ती कुठल्यातरी पातळ स्वप्नातून चालल्यासारखी वावरायची, चहा ओतता ओतता थांबायची. एकदा ती कप हातात धरून म्हणाली, "त्या गाडीत मला काय झोप लागायची, नाही हो?"

कुनिओने टोपी घातली आणि थेट तोकुदाचं गॅरेज गाठलं.

तोकुदाने सगळं ऐकून घेतलं आणि तो पोट धरून हसला. "इतकी वर्षं लागली तुला? अरे, इथे नवरे कोबीच्या मळ्यात उभे राहून बायकोवर प्रेम आहे म्हणून बोंबलतात. लोक लांबून येतात त्यासाठी. तूही बोंबल की, फुकटात काम होईल!"

"मला वेड लागलेलं नाही. शॉकअप दे."

"मूळच्या स्प्रिंगा घाल परत."

"भंगारात दिल्या. आता मिळत नाहीत."

"बरं. मग याच स्प्रिंगांना साजेसा जोड बघू. अंगाने आखूड, म्हणजे खाली आपटणार नाही, आणि उसळी धरून ठेवणारा." फळीवरून डबे काढता काढता तोकुदा एकदम वळला. "एक सांग, तेव्हा खालचे बोल्ट कसे आवळलेस? गाडी जॅकवर असताना?"

"हो."

"गाढवा! चाकं लोंबकळत असताना आवळलेस तर सांध्यातली रबरी बुश तशीच पकडली जाते, आणि गाडी जमिनीवर आली की पिळून बसते. आवळायचं ते गाडी चारी पायांवर उभी करून, माणसं आत बसवून. तुझ्या गाडीत तेव्हा कोण बसलं होतं?"

"कोणी नाही."

"मग कोणाच्या सोयीची होणार ती?"

हे कुनिओला लागलं. घरापर्यंत लागत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुकं दारापर्यंत आलेलं असताना, त्याने जुने शॉकअप उतरवले, नवे चढवले. मग गाडी जाड फळ्यांवर उभी केली. स्वतःच्या सीटवर तांदळाची दोन पोती ठेवली. शेजारच्या सीटवर एक पोतं, आणि त्याच्यावर कोबीचं खोकं. खोक्याला पट्टासुद्धा बांधला.

चिसाको शाल गुंडाळून बाहेर आली.

"हे काय?"

"वजन. तू."

"मी? तांदूळ आणि कोबी?"

"अंदाजे."

ती हसली. ऑपरेशननंतर इतकं मोकळं पहिल्यांदाच. मग हसू ओसरलं आणि ती म्हणाली, "एवढी नाही हो राहिले मी आता. कोबी काढा."

कुनिओने खोकं उतरवलं. रोज डोळ्यांसमोर असलेली बायको, आणि आपण जुन्याच आठवणीने तिला तोलत होतो!

"तांदूळही काढा," चिसाको म्हणाली. "मी बसते."

ती बसली. कुनिओ खाली सरपटत गेला आणि एकेक बोल्ट आवळायला लागला. वरून आवाज यायचा, "झालं का?" तो म्हणायचा, "हलू नकोस." पुन्हा, "पाय आखडला माझा." "हलू नकोस म्हटलं ना." इतकं बोलणं त्या दोघांत कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

शेवटी तो बाहेर आला. आपली दोन पोती उतरवली, पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी खाली गेली, एकदा वर आली आणि थांबली.

"चल," तो म्हणाला. "पुलापर्यंत."

धुक्यात मळे वाहून गेल्यासारखे झाले होते. रस्ता पुढ्यात थोडाथोडा उलगडत होता, मागे मिटत होता. पूल आला तसा चिसाकोने दाराची कड घट्ट धरली. गाडी त्या फुगवट्यावर चढली, उतरली, खाली दबली, एकदा वर आली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

तिने हात सोडला आणि शालीत घेतला. "आता मी सगळा रस्ता बघणार आहे हं," ती म्हणाली.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाला कुनिओने तिच्याकडे बघायची हिंमत केली नाही. समोर बघत त्याने नुसतं ऐकलं. संथ, किंचित घरघरता श्वास. मग त्याने पाहिलं. तोंड जरासं उघडं, मान त्याच्या बाजूला कललेली.

पूल ओलांडल्यावर खिंडीच्या माथ्यावरून परत फिरायचं असं त्याने ठरवलं होतं. पण थांबलो तर ती जागी होईल. म्हणून तो तसाच पुढे गेला, पलीकडच्या उताराला लागला, जिकडे त्याचं काहीही काम नव्हतं. डोळे भरून आले होते, तरी स्टिअरिंगवरचा हात त्याने हलू दिला नाही.

आणि मळ्यात उभे राहून नवरे जे बेंबीच्या देठापासून ओरडतात, ते कुनिओने तिला तिथे सांगितलं. सगळे शब्द, एकही न गाळता, पण इतक्या हळू की तिची झोप मोडली नाही.