चरे नसलेल्या सळ्या

माझ्या एम.ई.चं वाटोळं बाबांनी केलं, असं मी एकदा भर घरात ओरडले होते. जिभेला हाडच नव्हतं माझ्या.

विषय साधा होता. लेथवर कातलेल्या पोलादी सळीवर हत्याराचे बारीक चरे राहतात. ते जितके खोल, तितकी सळी वजनाखाली फिरताना लवकर तुटते का, हे मला बघायचं होतं. कॉलेजचा लेथ बंद, आणि प्रबंध द्यायची तारीख जवळ येत चाललेली. बाबा फॅक्टरीतून टर्नर म्हणून, जन्मभर लेथवरच काम करून, नुकतेच रिटायर झालेले. म्हणाले, "मग मी काहून बसून राहिलो?" रोज दीक्षितपुऱ्यातल्या घरून सायकल हाणत पनागरच्या रस्त्यावरच्या एका ओळखीच्या वर्कशॉपात जायचे. चोवीस सळ्या आणल्या, तेलकट कागदात एकेक गुंडाळून.

कॉलेजातल्या चाचणीच्या मशीनवर लावल्या, तर एकही तुटेना. महिना गेला. शेवटी सरांनी एक सळी खिडकीपाशी नेली, तिच्यावरून नख फिरवलं. "बेटा, इस पर तो निशान ही नहीं है."

घरी येऊन विचारलं, तर बाबांचा चेहरा फुललेला. "एमरी पेपरनं घासल्या ना! असा खडबडीत जॉब माझ्या हातून कसा जाईल? फॅक्टरीतल्या इन्स्पेक्टरनं तोंडावर फेकला असता."

तेव्हा मी ते बोलले. आई म्हणाली, "अगं, बाप आहे तो तुझा!" बाबांनी चष्मा काढला, पुसला, आणि एवढंच विचारलं, "किती खोल पाहिजेत?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल काढली. आठवड्याने नव्या सळ्या आल्या, नखाला लागतील अशा चऱ्यांच्या. या वेळी कागदात गुंडाळलेल्या नव्हत्या. पिशवीत नुसत्या टाकलेल्या. त्या तुटल्या, हव्या तशा तुटल्या, आणि माझं काम झालं.

आभाराच्या पानावर पहिलं नाव बाबांचं लिहिलं. माफी मागायची हिंमत नव्हती, म्हणून ते पान वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "माझं नाव काढ बेटा," म्हणाले. "त्या सळ्यांखाली नको."

मला वाटलं रुसले. रुसले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वाईट काम करून हातावेगळं केलं होतं, तेही माझ्यासाठी. मी नाव काढलं.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ज्या सळ्यांखाली त्यांनी आनंदाने नाव घालू दिलं असतं, त्या पहिल्या चोवीसच्या चोवीस मी नव्या आल्या त्याच आठवड्यात भंगारवाल्याला देऊन टाकल्या होत्या.