पाठमोऱ्या पाली

माझे मामा, म्हणजे मामेभाऊ तोगारचे वडील, यांनी तोबा सरोवराकाठच्या घरांवर चाळीस वर्षं गोर्गा नक्षी कोरली. लाल, काळा, पांढरा, बस. कुणी चौथा रंग मागितला तर म्हणायचे, "मग रंगाऱ्याला बोलव, मला कशाला?" दर्शनी भिंतीवर भरल्या घराची खूण म्हणून चार स्तन कोरायचे आणि दोन्हीकडे कोरलेल्या पालींची तोंडं त्यांच्याकडे वळवायची. पाली पाठमोऱ्या झाल्या तर त्या घरात लेकरू टिकत नाही, असं ते मानत. तोगारआधीची त्यांची दोन मुलं गेली होती, त्यामुळे या बाबतीत थट्टा चालायची नाही. मी मनात हसायचे. मेदान शहरातल्या विद्यापीठात शिकवते ना, आम्हाला हसावंच लागतं.

तीन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसाठी गोर्गाचे डिजिटल पाठ तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मामा आठ दिवस कॅमेऱ्यासमोर बसले, एकेक रेघ समजावून सांगितली. त्यांच्यामागे हे यंत्रच शिकवणार, तेव्हा नीट कर, असं बजावलं. मी नीट केलं, फक्त पालींचं चित्र जोडताना डावी बाजू उजवीकडे गेली, उजवी डावीकडे. पाली बाहेर बघू लागल्या आणि मला पत्ताच नाही. परीक्षेत पालींची तोंडं कुठे हाच प्रश्न घातला आणि त्या चित्रावरूनच पेपर तपासले. सरोवरातल्या सामोसिर बेटावरच्या एका मुलीने बरोबर उत्तर लिहिलं, तर तिचे गुण कापले. ती भांडायला आली तेव्हा कुठे चूक माझ्या लक्षात आली. पण गुण द्यायचे म्हणजे सगळे पेपर पुन्हा तपासायचे, वर चौकशी. मी तिलाच वाटेला लावलं. चित्र पुढच्या सत्रात बदलू म्हटलं. आधी आळस केला, मग लाज वाटली. ते चित्र अजून तसंच आहे.

गेल्या वर्षी मामांना पक्षाघाताचा झटका आला. हात वाचले, पण आठवण दगा देऊ लागली. तरी तोगारच्या नव्या घराची नक्षी मीच कोरणार, हा हट्ट. तोगारच्या बायकोला सातवा महिना. घरभरणीला मी रिवाजाप्रमाणे डुकराचं मटण घेऊन गेले आणि अंगणातच थबकले. दोन्ही पाली स्तनांकडे पाठ करून बसल्या होत्या. रंगसुद्धा वाळला होता.

"मास्तरीणबाई, बाबांना दिशाच आठवेना," तोगार म्हणाला. "तीन दिवस रडत होते. शेवटी फोनवर तुझा पाठ दाखवला, तेव्हा कुठे शांत झाले."

मामा जिन्याखालून उठले. माझा हात घट्ट धरून मला भिंतीपाशी घेऊन गेले.

"पोरी, मला वाटत होतं तोंडं आत असतात. म्हातारपण, दुसरं काय. तू जपून ठेवलंस म्हणून वाचलो, नाहीतर माझ्याच नातवाचा घात करून बसलो असतो. बरोबर आहेत ना गं?"

तोगारची बायको दारात उभी राहून ऐकत होती. मला मामांच्या तोंडाकडे बघवेना.

"बरोबर आहेत, मामा," मी म्हणाले.

त्यांनी चिमूटभर तांदूळ आशीर्वाद म्हणून माझ्या डोक्यावर ठेवले, मग सुनेच्या.