नणंदेचे मार्क

टेमघरपासून मानकोलीपर्यंत माझ्या नणंदेइतकी भांडकुदळ बाई सापडायची नाही. मी लग्न होऊन आले तेव्हाही ती किल्ल्या तांदळाच्या डब्यात लपवायची आणि मग घरभर चोर शोधायची. पुढे तिच्या सासरचं दापोड्याचं शेत विकलं, तिथे गोदाम उभं राहिलं. तरी मनात आलं की ही कोणाला न सांगता रिक्षाने तिथे जाते, वॉचमनच्या खुर्चीत बसते आणि ट्रकवाल्यांना दरडावते, "ये मेरा खेत हाय, गाडी बाजू में लगाव!" ते बिचारे लावतात. माझ्या स्वयंपाकाला तर तिने जन्मात बरं म्हटलं नाही. "वयनी, बोंबील खाडीतून काढलास नि तसाच वाढलास का गो?"

तिच्या मुलाला वाटलं, आईला विसरण्याचा आजार झाला. तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. मी बरोबर असेन तरच येईन म्हणाली, म्हणून मीही गेले. डॉक्टर तरुण पोरगी. शंभरातून सात वजा करा म्हणाली. नणंदेने विचारलं, "का? कोनी नेले?" घड्याळ काढून दाखवा म्हटलं, तर म्हणे, "भिंतीवर हाय ना, बघ."

मग घरच्यांना प्रश्न. वस्तू लपवतात? चोरीचा आळ घेतात? न सांगता बाहेर जातात? भाचा सगळ्याला हो म्हणत गेला आणि मार्क वाढत गेले. जास्त मार्क म्हणजे जास्त आजार. भाच्याने दाराला लावायला कुलूप आणूनच ठेवलं होतं. नणंदेने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला.

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई, ही पहिल्यापासून अशीच आहे."

डॉक्टरने मार्क खोडले. "पूर्वीपेक्षा काय बदललं तेवढंच धरायचं, आजी. बदल दिसला तर मात्र लगेच या."

कुलूप दुकानात परत गेलं. नणंद त्याच दिवशी दापोड्याला जाऊन आली.

परवा ती माझ्याकडे जेवायला आली. कालवणात मीठ घालायला मी विसरले होते. पहिला घास घेतल्यावर लक्षात आलं आणि शिव्या खायच्या तयारीने बसले. तिने ताट पुसून साफ केलं.

"छान झालंय. तुम्हीपण घ्या ना."

"वन्सं, मीठ न्हाय त्यात," मी म्हटलं. "बोल की मला."

"असू द्या हो."

मी उठून भाच्याला फोन लावला. आईला डॉक्टरकडे घेऊन जा म्हटलं.

"का मामी? परत गोदामावर गेली?"

"न्हाय रे. माझं कालवण आवडलं तिला."