बाबांनी लावलेला क्लाउड

माझा पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठाच्या साइटवर ज्या दिवशी चढवायचा होता, त्या दिवशी सकाळी अकरा वाजता तो जागेवर नव्हता. पाचपर्यंत चढवला नाही तर नोंदणी रद्द, असं पत्र आलेलं. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती, तिसरी मागायला तोंड नव्हतं. सहा वर्षं कॉलेजात शिकवून, उरलेल्या वेळात डोळे फोडून केलेलं काम. आणि हे सगळं ज्यामुळे झालं ते वाक्य माझंच होतं. मीच एकदा वैतागून बाबांना म्हटलं होतं, "मग तुम्हीच लावून द्या."

बाबा एका सरकारी खात्यात अभिलेखागार सांभाळायचे. टी. टी. नगरच्या बाजूला ऑफिस, तळमजल्यावर छतापर्यंत रॅक आणि रॅकवर नस्त्या. फाइल हा शब्द त्यांच्या तोंडी क्वचित येतो. फाइल कुणाचीही असते, नस्ती सरकारची असते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण आमच्या नेहरू नगरच्या घरात विजेची बिलंसुद्धा अजून लाल फितीत बांधलेली सापडतात. रिकामा रकाना म्हणजे चोराला वाट, हे त्यांचं आवडतं वाक्य. लहानपणी माझ्या शाळेच्या फॉर्मवरही ते उरलेल्या जागी आडवी रेघ मारून द्यायचे.

माझी पद्धत अगदी उलटी. प्रबंधाचे तुकडे पेन ड्राइव्हवर, मेलमध्ये, कॉलेजच्या कंप्युटरवर, जिथे जागा मिळेल तिथे. एकदा लॅपटॉप बंद पडला तेव्हा घाबरून मी क्लाउडवर जागा घेतली आणि बाकीच्या जागा रिकाम्या करून सगळं तिथे नेऊन ओतलं. तेच खातं घरच्या टॅबवरही होतं, कारण आईला फोटो बघायचे असायचे. एके दिवशी बाबांनी टॅब उघडला आणि त्यांना माझी यादी दिसली. 'फायनल', 'फायनल दोन', 'आता तरी फायनल', 'सरांनी बघितलेली फायनल', 'ही खरी', 'हीच'.

"हे काय करून राहिलीस बेटा?" ते म्हणाले. "एकाच नस्तीची सहा नावं? आमच्याकडे असं कोणी केलं असतं तर सीधा सस्पेंड."

"बाबा, मला मेलीला वेळ कुठे आहे?"

"वेळ नाही म्हणून तर पद्धत लागते."

तेव्हा मी ते वाक्य म्हटलं. दोन दुपारी टॅबशी झटून बाबा फोल्डर करायला शिकले आणि तिसऱ्या दिवशी माझं आयुष्य विधिवत झालं. प्रत्येक प्रकरणाला क्रमांक, प्रत्येक मुलाखतीला क्रमांक, चालू कामाचं 'प्रचलित' वेगळं, संपलेल्याचं 'निर्णीत' वेगळं. खरं सांगायचं तर आधी मला हसू आलं आणि मग फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला हवी ती मुलाखत अर्ध्या मिनिटात सापडत होती.

फक्त एक अट होती. कोणतीही नस्ती बाबांना कळल्याशिवाय हलवायची नाही. त्यासाठी त्यांनी जाड रजिस्टर आणलं आणि पाठकोऱ्या कागदांची मागणीपत्रं कापून ठेवली. माझंच तिसरं प्रकरण मला हवं असलं, की चिठ्ठीवर क्रमांक, कारण आणि परत करण्याची तारीख लिहून द्यायची. मी चिडायचे. एकदा कारण म्हणून 'जीव द्यायला' असं लिहिलं, तर त्यांनी ते खोडून 'संदर्भासाठी' केलं आणि सही केली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

माझा विषयही त्यांच्याच अंगणातला होता. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरांमधलं घरगुती जीवन. मी तिथेच वाढले. पण बाबा माझ्या विषयाबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. मला वाटायचं, त्यांना त्यात रस नाही. तिथले लोक मोठ्या खुर्च्यांवर चढून नावारूपाला आले आणि मुलगी लिहितेय नळ आणि सामायिक गच्चीबद्दल, असं त्यांना वाटत असेल.

मग शेवटच्या महिन्यात क्लाउडने कळवलं, की जागा भरत आली आहे. मी फारसं काही चढवलं नव्हतं. आईच्या भाचीच्या लग्नाचे अख्खे व्हिडिओ कुणीतरी पाठवले होते, हळदीपासून पाठवणीपर्यंत. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मी बाबांना जाता जाता म्हटलं, "जरा जुनं काढून टाका." मला लग्न म्हणायचं होतं.

त्यानंतर चार दिवस मी लॅपटॉप उघडला नाही. प्रबंध लिहून संपला होता आणि मला त्याचं तोंड बघवत नव्हतं. मी झोपले, डोक्याला तेल लावलं, अरेरा कॉलनीत जाऊन एक साडी घेतली, व्हायव्हाला नेसायची म्हणून.

आणि पाचव्या दिवशी, त्या शेवटच्या दिवशी, अकरा वाजता फोल्डर उघडला तर आत एकच फाइल. 'प्रबंध: मूळ प्रत'. उघडून बघितली. चार वर्षांपूर्वीचा पहिला खर्डा होता तो, अर्ध्या प्रकरणांचा, चुकांनी बुजबुजलेला. बाकी काही नाही. लॅपटॉप क्लाउडला जोडलेला, त्यामुळे तिथलं गेलं की इथलंही गेलं. माझ्या मार्गदर्शक सरांकडे मागावं तर ते एकेक प्रकरण कागदावर वाचून परत देणारे. लग्नाचे व्हिडिओ मात्र सगळेच्या सगळे जागच्या जागी होते.

बाबा अंगणात पेपर वाचत होते.

"बाबा, माझा प्रबंध कुठाय?"

"आहे ना. मूळ प्रत ठेवली आहे."

"आणि बाकीच्या?"

"छाटणीत काढल्या. मूळ जपायची, नकला नष्ट करायच्या, हा नियमच आहे." त्यांनी पेपरची घडी घातली. "तूच म्हणालीस, जुनं काढा."

मी मोठ्याने ओरडले. वडिलांवर त्याआधी इतक्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते आणि नंतरही नाही. तुमचं ऑफिस संपलं बाबा, मी म्हणाले. इथे नवी तीच खरी असते, जुनी रद्दी असते, एवढंही कळत नाही का, म्हणाले.  बाबांचा हात पेपरच्या घडीवर होता, तो तसाच राहिला. मला तेव्हाच वाईट वाटलं, पण रागाला ब्रेक नव्हता.

शेवटी मला सुचायचं ते सुचलं. "कचरापेटी? तीही रिकामी केलीत?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्यावर लाच खाल्ल्याचा आरोप केला आहे.

"मंजुरीशिवाय?" ते म्हणाले. "नष्ट करायची यादी करून सक्षम अधिकाऱ्यापुढे ठेवावी लागते. सही झाल्याशिवाय आपण कागद जाळू शकत नाही."

"कोण सक्षम अधिकारी?"

बाबांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

आई ओट्याशी पोहे भिजवत होती. रजिस्टर पोह्यांच्या डब्याखाली होतं, चार दिवसांपासून. "मी काही सही केलेली नाही हं," ती आधीच म्हणाली. "न वाचता सही करायची नाही, हे यांनीच मला शिकवलंय. आणि वाचायला चष्मा लागतो, तो सापडत नाहीये."

चष्मा तिच्या डोक्यावर होता. मी तिला ते सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला सरकारी दिरंगाईबद्दल मनापासून आदर वाटला.

कचरापेटीत सगळं होतं. एकेक करून मी परत जागेवर आणायला लागले. त्या दिवशी नेट बैलगाडीने येत होतं, त्यामुळे मधल्या वेळात रजिस्टर उघडलं. बाबांच्या ठसठशीत अक्षरात यादी होती. क्रमांक, नाव, पानं, दिनांक. शेवटचा रकाना शेऱ्याचा.

'फायनल' समोर लिहिलं होतं: 'वाचले. पान ४१ वर नळ सहाला येत असे असे म्हटले आहे. साडेपाचला येत असे.'

'फायनल दोन': 'वाचले. नळाची वेळ अजून चूक. गच्चीवरील पापडांचे वर्णन उत्तम.'

'आता तरी फायनल': 'वाचले. भाषा सुधारली आहे.'

त्यांनी सहाच्या सहा वाचल्या होत्या. माझ्या सरांनीही इतक्या वाचल्या नसतील. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी, अगदी पहिल्या 'फायनल'पासून, एकच ओळ होती: 'आभाराचे पान गहाळ. नक्कल अपूर्ण.'

माझ्या प्रबंधात आभाराचं पानच नव्हतं. मग मूळ प्रत उघडली आणि तिसरं पान बघितलं. पहिल्या उत्साहात लिहिलेलं पानभर. माझे वडील रोज संध्याकाळी ऑफिसातून येताना क्वार्टरच्या खिडकीतून मला हाक मारायचे आणि दिवसभरात सापडलेल्या जुन्या कागदांच्या गोष्टी सांगायचे, कागद जपावा लागतो हे मी त्यांच्याकडून शिकले, असं काय काय. सरांनी ते वाचून म्हटलं होतं, "मॅडम, ये इमोशनल बातें हटा दीजिए." मी एका क्षणात काढून टाकलं होतं. त्या जागी 'कुटुंबीयांचे सहकार्य लाभले' अशी अर्धी ओळ प्रस्तावनेच्या शेवटी घातली होती. बाबांना मी त्यातलं काहीच कधी बोलले नव्हते.

पान गहाळ असलेली नक्कल नक्कल नसते. त्यांच्या हिशेबात पूर्ण प्रत एकच होती आणि तीच त्यांनी ठेवली होती. मला माझी फार लाज वाटली.

चार वाजायला आले होते. 'हीच' परत जागेवर आली होती. मी पान ४१ वर नळ साडेपाचला आणला. मग एक मागणीपत्र घेतलं, त्यावर 'मूळ प्रत, पान ३' लिहिलं, कारणाच्या जागी 'प्रबंधात लावण्यासाठी' लिहिलं आणि अंगणात जाऊन बाबांच्या हातात दिलं.

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. खिशातलं पेन काढून सही केली.

"परत करण्याची तारीख राहिली," ते म्हणाले.

"परत करायचं नाहीये, बाबा."

चार चाळीसला प्रबंध गेला. पोच आली ती मी आईला वाचून दाखवली. रात्री जेवायच्या आधी रजिस्टर जागेवर ठेवताना मी नोंद उघडून बघितली. दिनांक होता, क्रमांक होता, कारण होतं. परत करण्याच्या तारखेचा रकाना बाबांनी रिकामा सोडला होता, आडवी रेघसुद्धा न मारता.